पाण्यातलं बोट

वडिलांची बँकेतली बदली झाली, आम्ही कोलकात्यात डमडमला राहायला गेलो आणि मी मुलींच्या कॉलेजात बी.एस्सी.ला दाखल झाले. फिजिक्सचे सर व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न विचारत, उत्तरासाठी हात वर करायला लावत आणि म्हणत, आता शेजारणीला पटवा. पाच मिनिटं वर्गाचा मासळीबाजार व्हायचा. माझी शेजारीण बजबजहून लोकलने यायची आणि कडाकडा भांडायची. माझं बंगाली मोडकंतोडकं, पण घर्षणावरच्या एका प्रश्नापायी मी तिच्याशी जेवढं बोलले, तेवढं दुर्गापूजेच्या मांडवातही कुणाशी बोलले नव्हते. मला तो तास फार आवडायचा.

गोंगाटाची तक्रार गेली. विभागप्रमुख एक तास बघून ही पद्धत ठेवायची की बंद करायची ते ठरवणार होते. सरांपेक्षा आमचाच जीव टांगणीला लागला आणि आम्ही नको ते शहाणपण केलं. सरांनी तराजू मागवल्याचं कळताच वरच्या वर्गातल्या मुलींना गाठलं. सरांनी गेल्या वर्षी तराजूवर त्यांना विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर आणून वर्गभर वाटलं. सरांची मान खाली जायला नको, एवढंच मनात होतं.

प्रमुख मागच्या बाकावर बसले. एका पारड्यात पाण्याचा पेला, दुसऱ्यात वजनं, तराजू समतोल. सरांनी विचारलं, तळाला न टेकवता पाण्यात बोट बुडवलं तर पेल्याचं पारडं खाली जाईल, वर जाईल की तसंच राहील? झाडून सगळ्यांनी ‘खाली जाईल’ला हात वर केले. सरांचा चेहरा उतरला. सगळ्यांना येतंच आहे तर चर्चा कशाला, असं म्हणत प्रमुख उठले.

हात वर केला होता, पण मला ओ की ठो कळलेलं नव्हतं. मी उभी राहिले.

“सर, मी खोटा हात वर केला. बोट मीच धरलंय, मग त्याचं वजन पारड्यावर कसं येईल?”

शेजारीण लगेच वळली. पाणी तुझं बोट वर ढकलतं, मग तूही पाण्याला खाली ढकलतेसच की, म्हणाली. मला पटेना. मागून आणखी एकीने कबूल केलं, तिलाही कळलं नव्हतं. मग तिसरीने. बघता बघता सगळे बाक भांडू लागले. सरांनी मला पुढे बोलावून बोट बुडवायला लावलं. पारडं हळूच खाली गेलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

प्रमुख तास संपेपर्यंत बसून राहिले. जाताना म्हणाले, “चालू ठेवा. दारं मात्र लावून घेत जा.”

सरांनी आधी चष्मा पुसला. पुन्हा माझ्यासाठी उत्तरं पाठ केलीत तर मीच हा तास बंद करीन, म्हणाले. आम्ही माना खाली घातल्या. इतक्या मायेने मला त्यानंतर कुणी रागावलं नाही.