मोरचुदाची माती

आमच्या उमेळ्याच्या बागायती वाडीत बुरशी हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. माझ्या लहानपणी तिने बाबांचा अख्खा पानमळा खाल्ला होता. वेली मुळाशी काळ्या पडल्या, माना टाकत गेल्या, आणि मळा ओस पडला. तेव्हापासून काहीही लावायचं तर बाबा आधी मातीला मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी पाजत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशातली गत. आई म्हणायची, चाललं असतं तर यांनी आमटीतही मोरचूद घातलं असतं.

ऐंशी साल उलटलं आणि स्टेशनकडे इमारती उठू लागल्या. त्यांना पाणी हवं म्हणून वाड्यांतल्या विहिरींना टँकर लागले. ज्यांनी पाणी विकलं ते आमचेच लोक होते, परके नव्हते, आणि त्यांचा मला अजून राग येतो. आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, शिमग्यालाच तळाला जाऊ लागलं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी करपल्या. बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, म्हणू लागले की विकून मोकळं होऊ.

बाबांनी एक उन्हाळा मागून घेतला. विहिरीजवळच्या जुन्या रायवळ आंब्याच्या कोयी रुजवून ते ओस पानमळ्यात आमराई उभी करणार होते. आंब्याने एकदा जमीन धरली की तो पाणी मागत नाही. रोपं उन्हाळ्यात तगली तर वाडी राहील, नाहीतर काका म्हणतील तिथे सही, असं ठरलं.

रोपं त्यांनी पानवेलीच्या शिस्तीने वाढवली. कोयी धुतलेल्या रेतीत रुजवल्या, मग मुळं मोरचुदाच्या पाण्यात बुडवून, वर्षानुवर्षं निळं पाणी प्यालेल्या त्या मातीत ओळीने लावली. पावसात ती छान तरारली. चैत्रात पानं कडेने तांबडी होऊन गळायला लागली. बाबा शेजारून गोडं पाणी कावडीने आणून घालत, तरी गळती थांबेना. आणि जुन्या आंब्याखाली पडल्या कोयीतून आपणहून उगवलेलं एक रोप, ज्याला कुणी तांब्याभर पाणी दिलं नव्हतं, हिरवंगार उभं होतं.

"दादा, ते बघ, कुनी लावलं नाय म्हणून जगलं," काका म्हणाले. बाबा कावड उचलून पुन्हा पाण्याला गेले.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. त्याच दिवसांत सरांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली रंग दिलेलं एक मूळ दाखवलं. त्याच्या आत बुरशीचे धागे होते. सर म्हणाले, सगळीच बुरशी मूळ कुजवत नाही. ही मुळात घर करते, केसाहून बारीक धागे मातीत लांब सोडते आणि मूळ पोचत नाही अशा फटींतून पाणी आणून देते. झाड तिला साखर देतं. दुष्काळात कोवळं रोप बरंचसं तिच्या जिवावर तगतं, आणि तिची लागण त्याला मोठ्या झाडाखालच्या मातीतून होते. आमच्याकडे तिला आयुष्यभर विष पाजलं होतं.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून नीट ऐकत होते.

"म्हंजे मीच मारली," ते म्हणाले.

मी म्हटलं, पाणी मचूळ झालंय, टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्यात, तुमचा एकट्याचा दोष कसा? ते सगळं खरंच होतं.

"पानी नव्हतं तवाच तिची गरज होती ना, बाय?"



दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या आंब्याखालची माती टोपलीने नेऊन एकेका रोपाच्या बुडाशी घालू लागले. बैल गेला नि झोपा केला. सुकलेल्या मुळाला बुरशी तरी काय आणून देणार? काकाही हसले नाहीत. पावसाच्या आधी पानमळ्यात नुसत्या काटक्या उरल्या आणि बाबांनी सही केली.

जुना आंबा तुटला, बावखलात भराव पडला. भराव पडण्याआधी बाबांनी ते आपणहून आलेलं रोप मातीसकट काढून तेलाच्या डब्यात लावलं. सोटमूळ तुटलंच. आमच्याच जमिनीवर उठलेल्या इमारतीत दोन वर्षांनी आम्हाला जागा मिळाली, तिच्या गॅलरीत ते पहिल्या दिवाळीपर्यंत टिकलं. वाळलं तेव्हा बाबांनी ते खोड उपटून टाकलं, पण डबा ठेवला, आणि रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी घालत राहिले.

शेजारीण बाबांना विचारायची, "काय लावलंय, काका?"

"काय नाय. माती हाय."

जिवंत मुळाशिवाय ती बुरशी जगत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. आणि तांब्यातलं पाणी टँकरचं होतं.