मागच्या रांगेतली विमलबाई

चौक गावात जुन्या हायवेला लागून झहीरचा फोटो स्टुडिओ आहे. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी. खालापूरपासून कर्जतपर्यंत किती लग्नांत, हळदींत तो कॅमेरा घेऊन उभा राहिला, त्याची गणती त्यालाही नाही. बायको कमरजहाँ वारली, मुलगी सिद्रा नवऱ्यामागे मस्कतला गेली. तेव्हापासून दुकान बंद करायची त्याला घाई नसते.

त्याच सुमारास त्याची एक हार्ड डिस्क बंद पडली. सिद्राचं सगळं लहानपण तिच्यात होतं. मुंबईला नेऊन दाखवली, काही निघालं नाही. झहीरने धास्ती घेतली. यापुढे प्रत्येक फोटोच्या दोन प्रती ठेवायच्या, एक दुकानात, एक घरी. पण दुप्पट फोटो मावतील एवढी जागा डिस्कवर नव्हती. म्हणून तो फोटो लहान करत बसला. एक लग्न घ्यायचं, कॉम्प्युटरवर दाबून पार बारीक करायचं, नवरा-नवरी उघडून बघायची. ती ठीक दिसली की मूळ फोटो पुसायचे. संध्याकाळ जायला हे काम बरं होतं. सगळं झालं तेव्हा दुसरी डिस्क त्याने कमरजहाँच्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि फार दिवसांनी शांत झोपला.

यंदा हिरामण आला. पलीकडच्या वाडीतला शेतकरी, झहीरच्याच वयाचा. सोबत मुलगा स्वप्नील, मोहोपाड्याच्या कंपनीत कामाला. हिरामणची बायको विमलबाई चार दिवसांपूर्वी गेली होती. सकाळी चुलीपुढे बसली ती उठलीच नाही.

"झहीरभाय, तेराव्याला फोटो पायजे. मोठा."

"मोबाइलवर नाही काय?"

"मोबाइल समोर धरला का तोंडावर पदर घ्यायची," स्वप्नील म्हणाला.

"आधारवर हाय," हिरामण म्हणाला, "पन त्यात चोर पकडून आनल्यागत दिसते. तू हर्षलाच्या हळदीत काढलेला ना? आमच्या भाचीच्या. त्यात ती हसते."

इथे हे नेहमीचं होतं. माणूस गेलं की घरचे झहीरकडे यायचे. कुणाच्या तरी लग्नातला चेहरा शोधायचा, शेजाऱ्याचा खांदा पुसायचा, मागे निळं आभाळ टाकायचं. मोबाइल आल्यापासून हे काम कमी झालं होतं.

हळदीचा फोटो उघडला. हर्षला पिवळीजर्द, छान. मागच्या रांगेत विमलबाई तोंड उघडून हसत होती. झहीरने चेहरा मोठा केला आणि चेहऱ्याचे चौकोन झाले. अजून मोठा केला. डोळे गेले.

फोटो लहान करताना मागच्या रांगेकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

"काका, ॲपवर टाका ना," स्वप्नील म्हणाला, "एकदम क्लिअर होतो."

झहीरने टाकला. पडद्यावर एक देखणी बाई आली. हिरामण पुढे वाकला.

"ही कोन?"

"बाबा, आईच हाय."

"तिचा पुढचा दात पडला व्हता रं. आख्खी हळद मला चिडवत व्हती, दात करून दे म्हनून. ह्यो दात कुठून आनला?"

शेजारी पंक्चरवाल्याचा कंप्रेसर सुरू झाला.

"हिरामण, मूळ फोटो मोठा होता," झहीर म्हणाला. "मीच लहान केला. जागा पुरत नव्हती. घरी दुसरी प्रत आहे, ती पण एवढीच आहे."

हिरामण पडद्याकडे वळला.

"चेहरा फुटत नाय, असा केवढा व्हतो?"

झहीरने बोटांनी दाखवलं. काडेपेटीएवढा.

"तेवढाच दे. तिच्या पडक्या दातासकट."

"लांबून दिसायचा नाय, बाबा."

"जवळ जाऊन बघू."

तेराव्याला झहीर हार घेऊन गेला. पडवीत खुर्चीवर मोठी फ्रेम ठेवली होती. आत सगळा पांढरा कागद आणि मधोमध विमलबाई. लोक येत होते, लांबून हात जोडायला थांबत होते आणि काही न दिसल्यामुळे पुढे येऊन वाकत होते. भागी नावाची एक म्हातारी फ्रेमला नाक लावून उभी राहिली. "आगं बया, हसते गं," म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

झहीर वाकला. दात दिसत नव्हता, तिथली काळी फट दिसत होती. डोळेही होते. त्याने हार उचलला.

"नको," हिरामण म्हणाला. "झाकंल ती."

झहीरने हार खुर्चीच्या पायाशी ठेवला. परत निघताना हिरामण त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला. दोघं टेंपोची वाट बघत उभे राहिले.

"तुझ्या घरात भाबीचा फोटो हाय ना?" हिरामणने विचारलं.

"आहे. डिस्कवर, सिद्राच्या लग्नातला."

"मोठा करून बघितलास?"

"नाही," झहीर म्हणाला.

टेंपो आला.