पराटी अक्काची खुर्ची

हे आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. परवापर्यंत तर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

परवा आदिलाबादला आमच्या खेळाडू संघाच्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. मोबाइलवरचा खेळ — पाच जणांनी मिळून आपला किल्ला राखायचा. मी संघाचा अध्यक्ष. गळ्यात हार, हातात कुणाचा तरी मोबाइल, आणि पहिली गोळी माझ्या हस्ते. मी ती झाडली, आणि माझ्याच बाजूचा गडी आडवा केला. सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, स्वतःवर हसण्यात मी पहिल्यापासून पटाईत. मागच्या खुर्चीवर बसलेली सुनंदा, माझी बायको, तेवढी हसली नाही. तिचा अंगठा मांडीवर आपोआप हलला — बरोबर तिथं, जिथं मी दाबायला हवं होतं.

तो अंगठा दिसला नसता तर? तर बहुधा आजही गप्पच राहिलो असतो.

कारण हा सगळा पसारा तिचा. संघ व्हायच्या आधी नुसता गोतावळा होता — आमच्या तामसीची, बोथ-भैंशाकडची पोरं-पोरी, दोन-चार मास्तर. कुणाला पगार नाही, कुणी मालक नाही. रविवारी सामने लावायचे, नवख्याला शिकवायचं, शिवी देणाऱ्याला बाहेर काढायचं — हे सुनंदा करायची, भाकरी झाल्या की ओट्याला टेकून. तेलुगू पोरांशी तेलुगूत, आपल्यांशी आपल्या बोलीत. खेळातलं तिचं नाव पराटी. कपाशीला आमच्याकडे पराटीच म्हणतात. सगळे तिला पराटी अक्का म्हणत. तंटा झाला की, अक्काले विचारा.

आणि मी? शाळेतला क्लार्क. नातेवाइकांना सांगायचो, ती मोबाइलवर स्वैपाकाचे व्हिडिओ पाहते. हे लहान खोटं. मोठं पुढं आहे — सांगतो, थांबा जरा.

एकदा भैंशाच्या बसस्टँडवर एक पोरगा वाकून माझ्या पाया पडला. पराटी अक्काचे मालक तुमीच ना, म्हणाला. मी आशीर्वादही दिला. पण वाटभर काहीतरी टोचत राहिलं. आमच्याकडे बाई सरपंच झाली तरी खुर्चीत नवरा बसतो, आणि लोक त्यालाच सरपंच म्हणतात. इथं मला बायकोच्या नावानं ओळखत होते. तेही पराटीच्या!

पुढं पोरं स्पर्धेसाठी सभागृह मागायला गेली, तर तिथले लोक नोंदणी झालेली संस्था पाहिजे म्हणाले. मग संघ काढायचं ठरलं. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता — अक्काच. गोतावळ्यातले जुने खेळाडू सतीश सर खास विचारायला भैंशाहून घरी आले. सुनंदा त्या दिवशी माहेरी, बोथला. मी चहा ठेवला. आणि चहा गाळता गाळता — अगदी सहज, बघा — म्हणालो, "ती नको म्हनते, सर. तिले हे झेंगट नको. लयच अडलं असंल तर माझं नाव टाका."

सर हिरमुसले. चहा अर्धा ठेवून गेले.

संध्याकाळी सुनंदा आली. आता तिला काय सांगायचं? "तुझ्या वतीनं मीच नको म्हटलं" असं? मी म्हटलं, "त्यायले बाई अध्यक्ष नको. मलेच गळ घालून राह्यले."

एका दिवसात दोन खोटी. पहिल्यानं तिची खुर्ची गेली. दुसऱ्यानं तिची माणसं.

ती पीठ मळत होती. हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. बरं, म्हणाली. भांडली असती तर? पण भांडली नाही. त्या रविवारी खेळायला बसली नाही. डोळे दुखतात म्हणाली. मग कधीतरी मोबाइलमधून खेळच काढून टाकला. सर भेटले की म्हणायचे, अक्काले नमस्कार सांगा, एकदा तरी या म्हणा. मी हो म्हणायचो. एकही नमस्कार घरी पोचवला नाही. कसा पोचवणार? माझी दोन्ही खोटी त्या नमस्कारात उघडी पडली असती.

परवा ती आली, ती अध्यक्षांची बायको म्हणून. नव्या पोरांना ती कोण हे माहीतच नव्हतं. सरांनी लांबूनच हात जोडले. तिनंही जोडले. दोघंही अवघडलेले — समोरच्यानंच आपल्याला टाळलं, असं दोघांनाही वाटत होतं. आणि मध्ये मी उभा. हार घालून.

परतीच्या बसमध्ये हार मांडीवर घेऊन बसलो होतो. तामसी यायच्या आत सगळं सांगून टाकलं — त्या चहापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत. ती मला काय काय बोलेल, याची तयारी ठेवली होती. तिनं समोरच्या सीटचा दांडा धरला. मग म्हणाली,

"म्हंजे... त्यायनं मले नको म्हटलंच न्हवतं?"