नडगीतलं बांधकाम

मुलुंडच्या एका शाळेत मी खेळ शिकवते. तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी मुलींचा खो-खोचा सराव चालू होता. नववीतली एक मुलगी सूर मारायला घाबरत होती. "अगं, काही होत नाही, बघ," असं म्हणत मीच धावले आणि सूर मारला. पडले ते मऊ मातीवर, फारसं लागलंही नाही. पण उठायला गेले तर डावा पाय उचलेचना. पोरींना वाटलं, बाई नाटक करताहेत.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे झाला. हाडांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "हे आजच्या पडण्याने मोडलेलं नाही. हाड आतून आधीच पोकळ झालं होतं." गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला, लिंबाएवढी काळी जागा दिसत होती. भोवती हाडाची पातळ भिंत, आणि तिला गेलेला तडा. म्हणजे कित्येक महिने मी त्या अंड्याच्या टरफलावर उड्या मारत होते!

आतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवस घरात कोणी तो शब्द उच्चारला नाही. रिपोर्ट आला तो असा, की गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. आई देवापुढे रडली आणि मग तिने इतक्या कोलंब्या तळल्या, की शेजारच्या दोन घरी द्याव्या लागल्या.

आता प्रश्न होता तो पोकळीचा. गाठ खरवडून काढली की तिथे काय भरायचं? विचारायला मी बाबांना घेऊन गेले. माझे आजोबा देवगडहून गिरणीत आले होते. बाबांच्या वेळेपर्यंत गिरण्या उरल्या नव्हत्या, म्हणून बाबांनी इमारतींना बांबूची परांची बांधण्याचं काम धरलं. मुलुंडमधल्या निम्म्या इमारती त्यांनी बाहेरून पाहिल्या आहेत, चौदाव्या मजल्यापर्यंत. डॉक्टरांपुढे मात्र ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"कमरेचं हाड काढून भरता येतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण एवढ्या जागेला ते पुरणार नाही. म्हणून आपण हे वापरू."

त्यांनी ड्रॉवरमधून एक पांढरा चौकोनी तुकडा काढला. बत्ताशासारखा हलका आणि बारीक बारीक छिद्रांनी भरलेला. हाडात जे कॅल्शियमचे क्षार असतात, त्याच जातीच्या क्षारांपासून भट्टीत भाजून बनवलेला. नमुन्याचा होता, म्हणून त्यांनी माझ्या हातात दिला. मग एका वाटीत बीटाडिनचे चार थेंब टाकून म्हणाल्या, "याचं एक टोक त्यात बुडवा."

मी बुडवलं. तपकिरी रंग त्या तुकड्यात सरसर वर चढायला लागला. कोणी ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं, तरी बघता बघता तो पार माथ्यापर्यंत पोचला. माझ्या अंगावर काटा आला.

"तुमचं रक्त असंच आत शिरणार," त्या म्हणाल्या. त्याही रंगात आल्या होत्या. "रक्ताबरोबर पेशी शिरतील. या छिद्रांच्या भिंतींना धरून त्या नवीन हाड बांधतील. इंग्रजीत याला स्कॅफोल्ड म्हणतात."

बाबा एकदम पुढे वाकले. "स्कॅफोल्ड? आमचे इंजिनिअर तर परांचीला स्कॅफोल्डिंग म्हणतात."

"तेच ना काका! परांचीच ही."

"पण मॅडम, परांची काम झाल्यावर सोडवावी लागते. ही सोडवणार कोण? परत पाय कापणार?"

डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी पेनच खाली ठेवलं. "नाही हो. शरीरच ती हळूहळू विरघळवतं. काही पेशी बांधतात, काही पेशी जुनं खाऊन टाकतात."

"दोन्ही एकाच वेळी?" बाबा खुर्चीत मागे सरकून नीट बसले. आता विषय त्यांचा होता. "मग बांधायच्या आधीच कोणी सोडवली, तर वाटच लागली ना?"

"लागली! आणि फार उशिरा सोडवली, तर नव्या हाडाला जागा मिळत नाही. सगळी मेख तिथेच आहे. किती छिद्रं ठेवायची, किती लवकर विरघळायला हवं, ते प्रमाण जमवण्यात लोकांनी वर्षं घालवली आहेत."

बाबांनी तो तुकडा माझ्या हातून घेतला, खिडकीकडे धरला आणि छिद्रांतून पलीकडे पाहिलं. "काम चोख आहे," ते म्हणाले. माझा निर्णय तिथेच झाला.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं सगळं बधिर होतं, पण मी जागी होते. मधे पडदा होता. आधी कमरेच्या हाडातून सुईने मगज, म्हणजे हाडातली मज्जा, काढला. मग बराच वेळ खरवडण्याचा आवाज. मी म्हटलं, "डॉक्टर, मला दाखवा ना!" पडद्याच्या वरून एक स्टीलची वाटी आली. तेच पांढरं द्रव्य, पण दाण्यांच्या रूपात, माझ्या मगजात कालवलेलं. डाळिंबाचे दाणे सोलून ठेवावेत तसं लालचुटुक. ते सगळं त्यांनी माझ्या पायात ठासून भरलं, आधाराला एक पट्टी स्क्रूने बसवली आणि जखम शिवली.

पुढचा दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे घरी आल्यावर बाबांनी गॅलरीच्या काचेवर चिकटपट्टीने लावला. पोकळीच्या जागी आता पांढरे दाणे सुटे सुटे दिसत होते. मजल्यावरची सगळी माणसं बघून गेली. समोरच्या काकू चष्मा लावून, काढून, परत लावून म्हणाल्या, "मला तर साबुदाणाच दिसतोय गं."

दीड महिन्याने दुसरा काढला. तोही साबुदाणाच! शेजारी शेजारी लावून आम्ही दोन्ही फिल्म बघितल्या. तीळभर फरक नव्हता. मी हिरमुसले. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, "जिवंत काम आहे हो, थोडा दम धरा. आता कुबड्या घेऊन पायावर थोडं थोडं वजन टाकायला लागा. वजन पडलं की हाडाला कळतं, कुठे भक्कम व्हायचं ते."

मग मी रोज गॅलरीत फेऱ्या मारू लागले. बाबा मोजायचे, चार फेऱ्या जास्त झाल्या की ओरडायचे.

चौथ्या महिन्यातली फिल्म बाबांनीच पाकिटातून ओढून काढली, हॉस्पिटलच्या दारातच, आणि उन्हाकडे धरली. "अगो, ह्या बघ!" ते मालवणीत ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. दाण्यांच्या कडा धूसर झाल्या होत्या. मधल्या काळ्या फटी भरून येत होत्या आणि जुन्या हाडाची भिंत कुठे संपते ते शोधावं लागत होतं. ते माझं हाड होतं, नवं कोरं, चार महिन्यांचं! मी तिथेच फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चेंबूरच्या मावशीने अंगठा पाठवला आणि विचारलं, हे काय आहे?

दहाव्या महिन्यात डॉक्टरांनी पाय सगळीकडून दाबून पाहिला, मला एका पायावर उभं केलं आणि म्हणाल्या, "धावा आता."

"खरंच?"

"खरंच. सूर मात्र एवढ्यात नको."

बाहेर पडल्यावर बाबा रिक्षा शोधायला लागले. मी म्हटलं, "रिक्षा कशाला? पुलावरून पलीकडे चालत जाऊ." आणि त्यांनी हो म्हणायच्या आत मी रेल्वेच्या पुलाचा जिना चढायला लागले. आधी एकेक पायरी, मग दोन दोन. खालून बाबांच्या हाका येत होत्या, "सावकाश गो, सावकाश!" वर पोचले तेव्हा छाती धपापत होती, मांड्या थरथरत होत्या, डाव्या नडगीत मात्र काहीच नव्हतं, दुखणं नाही, ठणका नाही. भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना मी सांगून टाकलं, "मी पळत वर आले!" त्या हसल्या आणि त्यांनी मला कठड्यापाशी जागा करून दिली.