गाणगापूरला निघालेली गाडी

माझे थोरले दीर निवृत्त झाले आणि हुकूम सोडायला हाताखाली कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सासऱ्यांची जुनी गाडी जिवंत केली. ‘जिवंत केली’ हा त्यांचाच शब्द. राजेश्वरला, आमच्या गावी, गोठ्याशेजारी पत्र्याखाली ती कित्येक वर्षं पडून होती. सासरे वकील, त्या गाडीतून कोर्टात जायचे. ते गेल्यावर तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मला विचाराल तर तिचा एवढा सरळ उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

दिरांनी ती टेंपोत घालून हैदराबादला नेली. तिथल्या एका गॅरेजात ती वर्षभर राहिली आणि परत आली ती नवरदेवासारखी सजून. बंपर नवा, दिव्यांच्या कडा नव्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण नवं, सगळं आरशासारखं चकचकीत. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर दीर रोज तिचे फोटो टाकायचे. अनोळखी माणसं ‘वा साहेब’ म्हणायची आणि दीर ते आम्हाला वाचून दाखवायचे. माझे यजमान प्रत्येक वेळी ‘व्हय अण्णा’ म्हणायचे. त्यांचं निम्मं आयुष्य या दोन शब्दांत गेलंय.

मी मुडबीची. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. ते अडलं की वडील शिव्या द्यायचे आणि मी नळ्या काढून फुंकायची. पुढे हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पण दिरांच्या लेखी मी धाकट्या भावाची बायको. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत. मी समोर असले तरी यजमानांकडे बघून ‘तिला सांग’ म्हणतात.

गाडीची पहिली लांबची फेरी गाणगापूरला, दत्ताच्या पायाशी न्यायची असं ठरलं. जाऊबाईंनी गुडघ्याचं कारण सांगून अंग काढून घेतलं. शहाणी बाई. गुरुवारी सकाळी टाकी काठोकाठ भरून आम्ही तिघं निघालो. दीर चालवायला, यजमान शेजारी, मी मागे नारळाची पिशवी मांडीवर घेऊन.

बसवकल्याण मागे पडलं आणि गाडीनं आचके दिले, मग बंद पडली. दिरांनी बॉनेट उघडलं आणि फाईल तपासावी तसं आत बघितलं. त्यांचं निदान तयारच होतं. उष्णतेनं पंपातच पेट्रोलची वाफ होते, ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. हवेत गारठा होता, मी शाल पांघरून बसले होते, पण ते सांगायचं कुणाला? माझ्या पिण्याच्या पाण्यानं माझाच नवा टॉवेल भिजवून पंपावर घातला. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली. दीर पुढच्या रस्ताभर वाफेबद्दल बोलत राहिले.

पण तो रस्ता फार लांबला नाही. पुन्हा आचके, पुन्हा बंद. ओल्या टॉवेलासकट बंद. या वेळी यजमानांना कंठ फुटला. प्लग खराब झाले असतील म्हणाले. प्लग काढले, घासले, पुसले, बसवले. गाडी सुरू झाली. मग यजमान ताठ बसले. एखाद्या माणसाला इतक्या थोड्यावर इतका गर्व येतो हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

मुडबीच्या अलीकडे ती तिसऱ्यांदा थांबली. माझं माहेर. ओळखीची माणसं मोटारसायकली थांबवून बघायला लागली, एकानं कन्नडमधून विचारलं की सिनेमाचं काम चाललंय का. मला लाज वाटली आणि रागही आला. मी उतरले, पाना मागितला आणि कार्बोरेटर खोलला. जुन्या टाकीतला गंज तिथं अडकत असणार याची मला खात्री होती. थोडी घाण निघालीही. फुंकून, पुसून बसवला. गाडी सुरू झाली. मी त्या दोघांइतकीच फुशारून मागे जाऊन बसले.

आळंदच्या रस्त्याला लागलो आणि ती चौथ्यांदा बंद पडली.

तिथं सोलापूरकडच्या यात्रेकरूंची एक जीप थांबली. त्यातल्या एका गृहस्थांनी सांगितलं की देवाला निघालेली गाडी अशी अडते म्हणजे काहीतरी राहिलंय. त्यांनी आमच्याच पिशवीतला नारळ घेतला, गाडीसमोर फोडला, खोबरं वाटलं, गप्पा मारल्या. मग दिरांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. दिरांनी हात जोडले. ऑफिसात देवाचा फोटो लावू न देणारा हा माणूस.

मी मागे बसून विचार करत राहिले. ओला टॉवेल लागू पडला, प्लग लागू पडले, माझा कार्बोरेटर लागू पडला, नारळही लागू पडला. म्हणजे यातलं काहीच लागू पडलं नव्हतं. आम्ही दर वेळी नुसते थांबलो होतो, आणि थांबल्यावर ती आपोआप सुरू होत होती. टाकीतून पेट्रोल खेचलं जातं, तेवढी हवा आत यायला हवी. ती कुठून येते?

पाचव्यांदा आचके बसले तशी मी दार उघडून मागे गेले. दीर बॉनेटकडे, मी टाकीकडे. ते चकचकीत झाकण हलेना, लोणच्याच्या बरणीसारखं घट्ट बसलेलं. पदरानं धरून जोर लावला आणि हुस्स करून हवा आत शिरली. तो आवाज यजमानांनीही ऐकला. झाकणाला कुठंही भोक नव्हतं; गाडी थांबली की कुठूनतरी थोडी हवा झिरपायची, एवढंच.

“आता लगेच चालू करा म्हणावं,” मी यजमानांना म्हटलं.

दिरांनी मान वर केली नाही. “तिला सांग, झाकणानं इंजिन चालत नस्तंय.”

यजमान घुटमळले. मग म्हणाले, “अण्णा, एकदा बगा की फिरवून.” त्यांनी भावाला काहीतरी करायला सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

गाडी थोडी घरघरली आणि सुरू झाली. वाट बघावी लागली नाही. झाकण सैल ठेवून आम्ही गाणगापूर गाठलं, वाटेत कुठंही न थांबता. गाडीत पेट्रोलचा वास भरला होता आणि माझं डोकं दुखत होतं. तिथं पुजाऱ्यांच्या ओसरीवर जेवताना दिरांनी सगळी हकीकत सांगितली. झाकणावर त्यांना पहिल्यापासून शंका होती म्हणे. यजमान पोळीकडे बघत ‘व्हय अण्णा’ म्हणाले. मी आमटी मागून घेतली.

परत आल्यावर मी पहिल्यांदाच दिरांशी थेट बोलले. “भाऊजी, झाकणाला सुईएवढं भोक पाडून घ्या.”

ते यजमानांकडे वळले. “तिला सांग, असल्या वस्तूला भोक पाडत नस्तेत.”

मग झाकण सैलच राहिलं. खड्ड्याखड्ड्याला पेट्रोल हिंदकळून बाहेर आलं आणि मागच्या बाजूचा नवा रंग सालपटांनी निघाला. दिरांनी हैदराबादच्या रंगाऱ्याला फोनवर झापलं आणि पुन्हा रंग मारून घेतला. त्यानंतर झाकण घट्ट लावलं आणि गाडी फाटकाच्या बाहेर नेणं बंद केलं.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांचं कुठलंसं प्रदर्शन होतं. तिथं ती ट्रकवरून गेली, ट्रकवरूनच परत आली आणि उत्तम निगा राखल्याबद्दल तिला एक कप मिळाला. दिरांनी तो बैठकीत मांडलाय. पाहुणे आले की यजमान स्वतःहून तो कप दाखवतात, आणि मी चहा ठेवायला आत जाते.