मेंबरसाहेबांची तहान

आमचे हे सोलापुरात एक छोटंसं साप्ताहिक चालवायचे. कचेरी म्हणजे आमच्या भवानी पेठेतल्या घराची पुढची खोली. पुढारी तिथं येऊन मुलाखती द्यायचे आणि मी दाराआडून ऐकायची. बातमी देणाऱ्याला खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही, असा ह्यांचा शिरस्ता. चुलीपाशी बसणारी मी, म्हणून शिरस्ता सोपा.

त्या उन्हाळ्यात आळीचा नळ महिनाभर कोरडा होता. बायकांनी अंगठे उठवून म्युनिसिपालटीत अर्ज दिला होता. तेवढ्यात निवडणूक आली आणि एका दुपारी आमचे मेंबरसाहेब मुलाखतीला आले.

"भवानी पेठेत नळ दोन्ही वेळ वाहतो," ते म्हणाले. ह्यांची पेन्सिल थांबली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "लिवा की! पानी येईल मागंपुढं. पेपरात बोलायचं ते पेपरापुरतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे छापून आलं की आमचा अर्ज खोटा ठरणार, आणि विहिरीचे हेलपाटे आमच्याच कपाळी.

मी कडक भाकरी वाढली आणि शेंगाची चटणी वाढली. तिखट जरा सढळ हातानं घातलं होतं. मेंबरांनी कौतुक करत करत दोन घास खाल्ले. तिसऱ्याला उचकी लागली.

"वहिनी, पानी!"

"अगंबाई, घरात थेंब नाही. पण आत्ताच ऐकलं ना, नळ वाहतोय म्हणून. ही आणते."

रिकामी घागर घेऊन मी बाहेर पडले. नळापाशी शेजारीण घागरींची रांग राखत बसली होती.

"कुटं निगालीस गं?"

"मेंबरसाहेबांना पाणी न्यायचंय."

"मग बस की निवांत."

मी बसले. तिच्या सुनेचं बाळंतपण सगळं ऐकून घेतलं. परत आले तर मेंबर लालेलाल झालेले, डोळ्यांतून धारा लागलेल्या. माझी घागर रिकामीच बघून ते ह्यांच्यावरच ओरडले, "न्हाई येत पानी! लिवा! महिना झाला, न्हाई येत!"

ह्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि त्यावर त्यांची सहीही घेतली. मग मेंबर तडक कोपऱ्यावरच्या हॉटेलाकडे धावले.

अंक निघाला आणि आठवड्याभरात नळाला पाणी आलं. एकच वेळ, पण आलं. पहिली घागर मी शेजारणीला भरू दिली.

त्या दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "तेव्हा माजघरात दोन घागरी भरलेल्या होत्या ना?"

"होत्या."

"म्हणजे तूही खोटंच बोललीस."

"बोलले. पण माझं बोलणं तुम्ही कुठं लिहून घेत होता?"