देफेंदेन्तेनं ओतलेली बार्बेरा

आमच्या गावात पाद्रीबाबांना एक वेळ लोक उलट उत्तर देतील, पण देफेंदेन्तेला नाही. देफेंदेन्ते म्हणजे मोरेला नावाच्या द्राक्षमळ्याचा तळघरवाला, आणि माझ्या बहिणीचा, लुइजीनाचा नवरा. लांगेच्या या टेकड्यांवर बारोलो वाइन करणारे पुष्कळ आहेत. पण तिच्या चारित्र्याची जबाबदारी अंगावर घेतलेला माणूस हा एकच. मळा सिन्योरा ओत्तावियांचा, पिंपं त्यांची, बाटलीवर नाव त्यांचं. तरी "आमच्या बारोलोला सध्या जरा आराम हवाय" हे वाक्य हा अशा आवाजात बोलायचा, की ऐकणाऱ्यानं आपोआप चपला काढाव्यात.

बारोलो फक्त नेब्बिओलो द्राक्षांची. दुसऱ्या द्राक्षाचा रस पडला की ती बारोलो नाही, असं कायदा सांगतो. कायदा निदान जेवायच्या वेळी तरी गप्प बसतो, देफेंदेन्ते तेव्हाही बसत नसे. पलीकडच्या टेकडीवरच्या तेरेझिओनं एका साली आपल्या पिंपात बार्बेरा, म्हणजे दुसऱ्या द्राक्षाची स्वस्त, गडद वाइन मिसळली अशी कुजबुज होती. तिची दवंडी देफेंदेन्तेनं पिटली, न्हाव्याकडे, चौकात, एकदा तर अंत्ययात्रेतसुद्धा. "तेरेझिओची बारोलो? अहो, ती बारोलोची सावत्र बहीण!" न्हाव्याकडे सगळे हसायचे. मीही हसायचो.  तेरेझिओनं फक्त आमच्या गावात दाढी करणं सोडलं.

आता चूक कशी झाली ते सांगतो. लाकडी पिंपातली वाइन वर्षानुवर्षं मुरते आणि मुरता मुरता थोडी थोडी उडून जाते. वर पोकळी राहिली तर हवा लागून माल बिघडतो. म्हणून दर शनिवारी देफेंदेन्ते शिडीवर चढतो आणि तीच वाइन ओतून पिंप काठोकाठ भरतो. त्यासाठीच्या नेब्बिओलोचा बुधला शिडीच्या डावीकडे, वेताच्या टोपलीत. उजवीकडे तसाच दुसरा बुधला. त्यात याच्या घरची रोजची बार्बेरा, मळ्याकडून मिळणारी. बुधल्यांना चिठ्ठ्या लाव असं मी एकदा सुचवलं होतं. "बायकोच्या पाठीवरही एक लावतो," तो म्हणाला, "चुकून तुझ्या घरी जायचो नाही तर."

त्या शनिवारी सिन्योरांकडे परदेशी पाहुणे आले, गळ्यात कॅमेरे अडकवून. देफेंदेन्तेनं लग्नातलं जाकीट चढवलं. डावीकडच्या टोपलीचा वेत सुटलेला. फोटो डावीकडूनच निघणार, तिथे धड टोपली दिसावी म्हणून त्यानं स्वतःच टोपल्यांसकट दोन्ही बुधल्यांची अदलाबदल केली. मग पाहुणे आत आले, तो शिडीवर चढला, नेब्बिओलोच्या पावित्र्यावर बोलू लागला आणि बोलता बोलता त्याचा हात सवयीनं डावीकडे गेला. गेल्या कित्येक वर्षांतल्या सर्वांत उत्तम सालाच्या पिंपात त्यानं बार्बेरा ओतली. कॅमेऱ्याकडे बघून. हसत.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आमच्याकडे वाफाळत्या आन्योलोत्तींवर, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या पुड्यांवर, वाडग्यातच लाल वाइन ओततात. देफेंदेन्तेनं सवयीनं उजवीकडूनच उचलून घरी आणलेला बुधला लुइजीनानं कलता केला आणि ती थबकली.

"काय हे! आन्योलोत्तीवर बारोलो? सिन्योरांनी बक्षीस दिली, की ढापलीस?"

देफेंदेन्तेनं वाडग्यात पाहिलं. बार्बेरा असते वांग्यासारखी गडद. ही जुन्या विटेच्या रंगाची होती. त्यानं चमचा खाली ठेवला. मग कानांपासून सुरू होऊन तो हळूहळू मानेपर्यंत लाल झाला.

सगळं ऐकल्यावर मी म्हणालो, "अरे, पिंप केवढं, बार्बेरा केवढी! तुझ्या नाकालासुद्धा पत्ता लागायचा नाही."

"कुणाला कळेल का, हे मी विचारलं का तुला?" तो ओरडला. "मी तोंड कुठे लपवू ते सांग!"

"वाडग्यात लपव," लुइजीना म्हणाली, "गार होतंय." पण तिनंही खाल्लं नाही.

सोमवारी तो टोपी हातात घेऊन सिन्योरांपुढे उभा राहिला. त्या रागावतील, हाकलून देतील, निदान टेबलावर हात आपटतील, अशी त्याला आशा होती. 

"हे तुम्ही मला सांगितलं नसतंत, तर मला बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता सांगितलंय."

त्या तळघरात उतरल्या आणि पिंपावर खडूनं लिहिलेलं 'बारोलो' स्वतःच्या रुमालानं पुसलं. देफेंदेन्ते मला म्हणाला, "रुमाल पांढरा होता रे."  

ती वाइन साधी लाल म्हणून आसपासच्या खानावळींत गेली, साध्या लालच्या भावात. आणि अख्ख्या खोऱ्याला सुगीचे दिवस आले! जन्मात बारोलोची बाटली न फोडलेले गवंडी आणि सुतार दुपारच्या डब्याबरोबर ती पिऊ लागले. भर चौकात लोक ह्याचा हात दाबायचे. "देफेंदेन्ते, पुढल्या सालीही फोटो काढून घे हं!" एका आजीनं अंडी पाठवली. तो मागच्या बोळातून जाऊ लागला, तर तिथेही खानावळीचं मागचं दार. आचाऱ्यानं येऊन मिठीच मारली. शिव्या देणाऱ्यापुढे मान खाली घालता येते. आभार मानणाऱ्यापुढे काय घालायचं?

एका दुपारी तो माझ्या गाडीत येऊन बसला. "तेरेझिओकडे ने." वाटभर ओठ हलत होते.

तेरेझिओ मळ्यात वाळुंजाच्या झाडाच्या ओल्या, लवचीक काड्यांनी द्राक्षवेली तारांना बांधत होता. देफेंदेन्तेनं टोपी काढली.

"तेरेझिओ, माझ्या हातून काय झालं ते तू ऐकलंच असशील. तुझ्या हातूनही तेव्हा असंच चुकून झालं असेल. मी तुला गावभर बदनाम केलं. मला..."

"चुकून नव्हतं," तेरेझिओ म्हणाला.

"काय?"

"मुद्दाम घातली. रंग फिका आला होता, लोकांपुढे ठेवायची लाज वाटली. मग घातल्याची वाटली. तू खरं बोलत होतास, म्हणून तर कधी भांडलो नाही."

 एवढी घोकून आणलेली माफी, आणि घेणारा तयार नाही! शेवटी देफेंदेन्ते पुटपुटला, "खरं असलं तरी... मी ते अंत्ययात्रेत बोलायला नको होतं."

"हो," तेरेझिओ काडीला पीळ देत म्हणाला, "ते नको होतंस. माझी मावशी होती ती."

त्यानं कमरेची काड्यांची जुडी सोडली, अर्धी देफेंदेन्तेच्या हातात दिली आणि पुढच्या ओळीकडे बोट दाखवलं. देफेंदेन्ते लगेच वाकला आणि बांधू लागला. अंधारून येईपर्यंत दोघं बांधत राहिले. तेरेझिओ एकदाच त्याच्या मागून गेला आणि एक गाठ पुन्हा सोडून, नीट बांधून आला. देफेंदेन्तेनं ते पाहिलं, आणि पुढची गाठ त्याच्यासारखी बांधली.